‘मापात पाप’ ते प्रकाशाचे माप

दुकानात जाऊन आपण एक किलो साखर मागतो, तेव्हा ‘कोणाचा किलो?’ असा प्रश्न कुणी विचारीत नाही. मुंबईचा किलो, नागपूरचा किलो आणि पॅरिसचा किलो एकच आहे, हे आपण गृहीतच धरलेले असते. हे गृहीत माणसाला निसर्गाने आयते दिलेले नाही. त्यामागे शेकडो वर्षांचा अन्याय आहे, एक राज्यक्रांती आहे, काही माणसांचे आयुष्यभराचे कष्ट आहेत आणि अखेरीस प्रकाशाच्या स्वरूपाचा शोध आहे. आमच्या शाळेत भौतिकशास्त्राचा पहिला धडा ‘राशी व एकके’ हा असतो. मुले तो पाठ करतात आणि विसरतात. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र तो धडा कोरडा वाटत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर तोच धडा इतिहासाच्या बाजूने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

माप कोणाच्या हाती?

‘उत्साह शिगेला पोहोचला’ असे आपण सहज म्हणतो. ही शीग आली धान्याच्या मापातून. माप काठोकाठ भरल्यानंतर त्यावर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो, ती शीग. आता विचार करावा की, एकाच मापाने धान्य मोजायचे, पण घेताना शीग लावून घ्यायचे आणि देताना काठावरून हात फिरवून सपाट द्यायचे, तर मापाला बोटही न लावता किती धान्य इकडचे तिकडे होते! ज्याला मजुरी धान्यात मिळे, ज्याने पावसाळ्यात धान्य उसने घेऊन सुगीत फेडायचे असे, त्याच्या पोटातून ही शीग जात असे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग मराठीत रुजला, तो अशा अनुभवातूनच.

हा प्रश्न जुना आहे. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात चर्ट दगडाची घनाकृती वजने सापडली. १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीच्या श्रेणीने ती वाढत जातात आणि दूरदूरच्या नगरांतून मिळालेली वजने एकमेकांशी जुळतात. याचा अर्थ व्यापारासाठी सर्वमान्य माप हवे, हे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला उमगले होते. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ज्या गोष्टींपासून बुद्ध अलिप्त राहतात असे सांगितले आहे, त्यांत तुलाकूट आणि मानकूट, म्हणजे तराजूतील लबाडी आणि मापातील लबाडी, यांचा स्पष्ट उल्लेख येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख ठेवणारा पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. लबाडी नसती, तर तिच्यासाठी शब्दही लागला नसता आणि अधिकारीही.

लबाडी नसली तरी गोंधळ होताच. इंग्रजी अमदानीत ‘मण’ हा एकच शब्द देशभर चाले. पण बंगालचा व रेल्वेचा मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा, मुंबईचा २८ पौंडांचा म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा म्हणजे सुमारे ११.३ किलोग्रॅमचा. चिपटे, मापटे, शेर, पायली, खंडी ही आपली मापे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. पण शेर गावागणिक बदलत असे. ज्याला हिशेब येई, त्याचा या गोंधळात फायदा होता. ज्याला अक्षरओळखही होऊ दिलेली नव्हती, त्याने समोरचा सांगेल तो आकडा मान्य करायचा आणि अंगठा उठवायचा.

एक कायदा, एक माप

हीच स्थिती अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये होती. तेथे सरंजामदाराला आपल्या जहागिरीत स्वतःचे धान्याचे माप ठेवण्याचा हक्क होता. खंडाचे धान्य त्याच्या मापाने मोजले जाई आणि ते माप पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते, ही शेतकऱ्यांची तक्रार होती. शीग लावायची की सपाट भरायचे, हा वाद तेथेही होता. १७८९ मध्ये राजाने प्रजेची गाऱ्हाणी लिहून मागवली, तेव्हा गावोगावच्या तक्रारपत्रांतून एक मागणी पुन्हा पुन्हा आली : साऱ्या देशात वजन एक असावे आणि माप एक असावे. क्रांतीच्या समतेच्या घोषणेला शेतकऱ्याच्या खळ्यावर काही अर्थ यायचा असेल, तर तो मापातूनच येणार होता.

पण नवे माप कोणाचे घ्यायचे? राजाच्या पावलाचे घेतले, तर राजा बदलताच प्रश्न उभा राहील. पॅरिसचे घेतले, तर इतर शहरे रुसतील. तेव्हा माप निसर्गातून घ्यावे, म्हणजे त्यावर कोणाचीही मालकी राहणार नाही, असे ठरले. एक सूचना लंबकाची होती. ज्या लंबकाचा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणारा झोका बरोबर एका सेकंदाचा असतो, त्याची लांबी सुमारे ९९ सेंटिमीटर भरते; तीच एकक मानावी. यात एक अडचण होती आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे. अखेर १७९१ मध्ये निर्णय झाला की, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या रेखावृत्ताचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. पृथ्वी सर्वांची, म्हणून माप सर्वांचे.

दोन माणसे आणि एक रेषा

पृथ्वीचा पाव घेर प्रत्यक्ष मोजणे शक्य नव्हते. त्याचा एक तुकडा त्रिकोणांच्या साखळीने मोजून पूर्ण लांबी गणिताने काढायची होती. त्यासाठी डंकर्क ते बार्सिलोना ही रेषा निवडण्यात आली. १७९२ मध्ये दोन खगोलशास्त्रज्ञ निघाले : उत्तरेकडचे काम देलांब्र यांच्याकडे, दक्षिणेकडचे मेशँ यांच्याकडे. काम काही महिन्यांचे वाटत होते. त्याला जवळजवळ सात वर्षे लागली.

काळ धामधुमीचा होता. दूरवरून दिसावे म्हणून देलांब्र यांनी खुणेच्या मनोऱ्यावर पांढरे कापड लावले, तर पांढरा हा राजघराण्याचा रंग म्हणून लोक संशयाने पाहू लागले. त्या कापडाला तांबडी आणि निळी पट्टी जोडावी लागली. दुर्बिणी घेऊन फिरणारा माणूस हेर ठरून अनेकदा अडवला गेला. तिकडे फ्रान्स आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले आणि मेशँ स्पेनमध्ये अडकून पडले. वजनमापांच्या कामाशी जोडलेल्या लाव्हाझिए या थोर रसायनशास्त्रज्ञाचा १७९४ मध्ये गिलोटिनखाली वध झाला. तरीही मोजणी थांबली नाही.

मेशँ यांच्या बाबतीत जे घडले, ते विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. बार्सिलोनाजवळ दोन ठिकाणांहून त्यांनी ताऱ्यांच्या आधारे अक्षांश काढला आणि दोन्ही उत्तरांत सुमारे तीन विकलांचा फरक आला. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. जमिनीवर हा फरक सुमारे शंभर मीटर होतो. मेशँ यांनी तो लपवला. त्या ओझ्याखाली ते पुढची अनेक वर्षे झुरत राहिले, मोजणी पुढे नेण्यासाठी पुन्हा स्पेनला गेले आणि तेथेच १८०४ मध्ये पीतज्वराने वारले. त्यांचे कागद देलांब्र यांच्या हाती आले, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला.

आज आपल्याला ठाऊक आहे की, कोणतेही मोजमाप पूर्णपणे अचूक नसते. एकाच टेबलाची लांबी दहा मुलांनी मोजली, तर दहा किंचित वेगळी उत्तरे येतात आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नसते. फरक किती आहे हे लिहून ठेवणे, हाच प्रामाणिकपणा. मेशँ यांच्या काळी त्रुटींचे शास्त्र नुकते आकार घेत होते. मोजमापांतील तफावत गणिताने हाताळण्याची लझांद्र यांची पद्धत त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १८०५ मध्ये, प्रसिद्ध झाली. प्रयोगवहीत उत्तर ‘जुळवून’ आणणाऱ्या विद्यार्थ्याला मी हीच गोष्ट सांगतो. न जुळलेले उत्तर वहीत राहू द्यावे. ते पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडते.

१७९९ मध्ये प्लॅटिनमचा मीटरदंड आणि प्लॅटिनमचाच किलोग्रॅम पॅरिसमध्ये ठेवण्यात आला. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनातील, म्हणजे एक लिटर पाण्याचे वस्तुमान, हा किलोग्रॅमचा आधार होता. लांबी, आकारमान आणि वस्तुमान यांची अशी दशमान पद्धतीने एकत्र गुंफण झाली. जनतेने मात्र ही मापे लगेच स्वीकारली नाहीत. नेपोलियनने १८१२ मध्ये जुन्या नावांची मापे परत आणली आणि फ्रान्समध्ये दशमान पद्धत पक्की सक्तीची झाली, ती १ जानेवारी १८४० पासून. लोकांच्या हिताची गोष्टही लोकांच्या अंगवळणी पडायला दोन पिढ्या लागतात, हा इतिहासाचा धडा येथेही दिसतो.

वस्तुमान, वजन आणि बल

आता लंबकाच्या अडचणीकडे वळू. १६७२ मध्ये रिशेर हा फ्रेंच निरीक्षक विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ बिघडलेले नव्हते. पृथ्वी विषुववृत्तावर किंचित फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते आहे. त्यामुळे तेथे गुरुत्वाची ओढ थोडी कमी भासते व लंबक हळू झुलतो. म्हणून लंबकाची लांबी हे सर्वांचे माप होऊ शकत नव्हते. ते ठिकाणागणिक बदलले असते.

येथेच वस्तुमान आणि वजन यांतील भेद उमगतो. वस्तूत द्रव्य किती आहे, ते तिचे वस्तुमान. त्याचे एकक किलोग्रॅम. पृथ्वी त्या वस्तूला किती बलाने ओढते, ते तिचे वजन. त्याचे एकक न्यूटन. बल म्हणजे वस्तूची गती बदलणारी ढकल किंवा ओढ. एक किलोग्रॅम वस्तूचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद इतका वाढवते, ते बल एक न्यूटन. सूत्ररूपाने : बल = वस्तुमान × त्वरण.

एक किलोग्रॅम वस्तूचे वजन विषुववृत्तावर सुमारे ९.७८ न्यूटन, ध्रुवावर सुमारे ९.८३ न्यूटन आणि चंद्रावर सुमारे १.६२ न्यूटन भरते. वस्तू तीच, द्रव्य तेवढेच. स्प्रिंगचा काटा ओढ मोजतो, म्हणून तो ठिकाणानुसार वेगळा आकडा दाखवेल. दोन पारड्यांचा तराजू मात्र दोन्ही बाजूंच्या ओढीची तुलना करतो; ओढ कमी झाली तर दोन्हीकडे सारखीच होते. म्हणून पारड्यांचा तराजू चंद्रावरही किलोला किलोच म्हणेल. आपल्या बाजारातील जुन्या तागडीत एवढे भौतिकशास्त्र होते. वाकडी दांडी आणि पारड्याखालचे चिकटवलेले मेण हा दोष तिचा नव्हता. ती धरणाऱ्या हाताचा होता.

बलाचे एकक चुकले की काय होते, याचे अलीकडचे उदाहरण १९९९ मधले आहे. नासाने मंगळाकडे पाठवलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर महिन्यात मंगळाजवळ पोहोचताच नाहीसे झाले. यानाच्या लहान इंजिनांच्या परिणामाचे आकडे एका गटाची संगणकप्रणाली पौंडात देत होती आणि दुसरा गट ते न्यूटनमध्ये आहेत असे समजून वापरत होता. दोन्ही एककांत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. यान ठरल्यापेक्षा फार खालून गेले आणि नष्ट झाले. उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून शिक्षक अर्धा गुण कापतात, तेव्हा पालकांनी रागावू नये. एककावाचून आकडा अपुराच असतो.

तरंग आणि प्रकाश

१८७५ मध्ये १७ देशांनी मीटर करारावर सह्या केल्या आणि प्लॅटिनम–इरिडियम या मिश्रधातूचे नवे दंड तयार झाले. तरी एक शंका उरलीच. धातू झिजतो, आगीत वितळतो, चोरीला जातो. शिवाय पुढच्या मोजणीत कळले की, १७९९ चा मीटर रेखावृत्ताच्या हिशेबाने सुमारे ०.२ मिलिमीटर आखूडच होता. पृथ्वीच्या आकाराचा अंदाज थोडा चुकला होता. मग कधीही न झिजणारे माप कोठे शोधायचे? मॅक्सवेल यांनी १८७० मध्ये सुचवले की, ते अणुरेणूंत आणि त्यांच्या प्रकाशात शोधावे.

हे समजण्यासाठी तरंग म्हणजे काय ते पाहू. विहिरीत खडा टाकला की वर्तुळे पसरतात. पाण्यावरचे पान मात्र काठाकडे वाहत जात नाही, ते जागच्या जागी वरखाली होते. पाणी पुढे जात नाही. ऊर्जा पुढे जाते. हाच तरंग. एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात किती तरंग एका जागेवरून जातात, ती वारंवारता. तिचे एकक हर्ट्झ. या दोहोंचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग. १०० मेगाहर्ट्झवर लागणाऱ्या एफएम रेडिओच्या तरंगाची लांबी याच सूत्राने तीन मीटर येते.

ध्वनी हाही तरंगच. त्याचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि त्यांना तीनने भागावे. वीज किती किलोमीटरवर होती ते कळते. विजेचा प्रकाश मात्र जणू तत्क्षणी दिसतो. प्रकाशालाही वेळ लागतो, हे प्रथम १६७६ मध्ये रोमर यांनी दाखवले. गुरूच्या एका उपग्रहाच्या ग्रहणांच्या वेळा पृथ्वी दूर जात असताना उशिरा आणि जवळ येत असताना लवकर येतात, हे पाहून त्यांनी तो निष्कर्ष काढला. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंग यांनी दाखवले की, प्रकाशात प्रकाश मिसळला असता काही जागी अंधाराच्या रेघा उमटतात. एका तरंगाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडला की दोघे एकमेकांना मिटवतात. प्रकाश हा तरंग आहे, याचा हा ठोस पुरावा होता.

प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशाच्या तरंगलांबी ठरलेल्या असतात आणि त्या कोणत्याही देशात, कोणत्याही शतकात बदलत नाहीत. १८९२–९३ मध्ये मायकेलसन यांनी पॅरिसजवळ कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या तरंगांनी मीटरदंड मोजला. १९६० मध्ये धातूचा दंड निवृत्त झाला आणि क्रिप्टॉनच्या नारिंगी-तांबड्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबी म्हणजे एक मीटर अशी व्याख्या झाली. १९८३ पासून निर्वातातील प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा निश्चित धरला आहे. प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढे अंतर कापतो, तो मीटर. सेकंद मोजण्याचे कामही १९६७ पासून सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांकडे आहे.

किलोग्रॅम सर्वांत शेवटी मुक्त झाला. १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ कुलूपबंद ठेवलेला एक धातूचा दंडगोल होता. त्याच्या प्रतिकृती देशोदेशी दिल्या गेल्या. भारताची ५७ क्रमांकाची प्रतिकृती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांनी तुलना केली, तेव्हा मूळ दंडगोल आणि प्रतिकृती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंतचा फरक आढळला. कोण बदलले, हे ठरवता येईना. कारण व्याख्येनुसार मूळ दंडगोल चुकूच शकत नव्हता! ज्याला चूक ठरवताच येत नाही, असा प्रमाणभूत ठोकळा विज्ञानाला परवडत नाही. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर आधारली गेली. आता योग्य उपकरणे असलेला कोणताही देश, कोणाच्याही तिजोरीची किल्ली न मागता, किलोग्रॅम पडताळून पाहू शकतो.

आपल्या दारात आलेले माप

स्वतंत्र भारताने १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आणली. १९५६ च्या वजनमाप कायद्यानुसार १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत शेर-मण अधिकृत व्यवहारातून गेले. आजही सोने तोळ्यात आणि जमीन गुंठ्यात बोलली जाते. त्यात वावगे काही नाही. पण पावतीवर ग्रॅम असतो आणि त्या ग्रॅमवर पॅरिसचा, दिल्लीचा, सराफाचा आणि मोलमजुरी करून डोरले घडवणाऱ्या माउलीचा हक्क सारखाच आहे.

हा हक्क वापरावा लागतो. दुकानातील वजनांवर आणि काट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणीचा शिक्का असतो; तो पाहण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल ठेवण्यापूर्वी आकडा शून्य आहे का, हे पाहावे. बंद पाकिटावरील निव्वळ वजन वाचावे. आपल्या शाळेतून गेलेल्या आणि आज शेतमाल विकणाऱ्या मित्रांनी कापसाच्या व सोयाबीनच्या काट्यासमोर उभे राहून आकडा स्वतः वाचावा, स्वतः लिहावा. लहान मुलांना सोबत न्यावे आणि त्यांच्याकडून तो आकडा वाचून घ्यावा, एककासह. भौतिकशास्त्राचा पहिला धडा तेथे पक्का होतो.